धबधबा तेवढा राहिला

देवनारला आमचं घर डंपिंगच्या इतकं जवळ होतं की कचरा पेटला की आई आधी जेवणावर ताटं पालथी घालायची, मग खिडकी लावायची. पप्पा कचऱ्याच्या गाडीवर होते. अंगाचा वास जाईपर्यंत ते मला जवळ घ्यायचे नाहीत, आणि वास पुरता कधी जायचा नाही.

त्या घरातून मी भूगोलात बी.ए. केलं. घराण्यात पहिली. हे मी कुणालाही ताठ मानेने सांगते. आता घाटकोपरच्या शाळेत शिकवते, आम्ही राहतो मुलुंडला.

पप्पा रिटायर झाले तेव्हा म्हटलं, तुम्हाला अर्जेंटिनाला नेते. वर कोरडे उंच डोंगर, मध्ये सपाट गवत, खाली बर्फ. कॉलेजपासून तो नकाशा माझ्या डोक्यात बसलेला.

त्यांनी पहिलं विचारलं, "तिकडं आपलं कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग उतरायचं कुणाकडं?"

आमच्याकडे प्रवास म्हणजे कुणाचं तरी लग्न, नाहीतर मयत. नुसतं बघायला जायचं, हे त्यांना पटायला बरेच दिवस गेले. आई मे महिना धरून बसली, सुट्टी असते म्हणून. मी म्हटलं, मेमध्ये तिकडे थंडी सुरू होते, दिवाळीत जाऊ.

पप्पा म्हणाले, "सगळं उलटंच का गं तिकडं? मग मी तरणा होऊन येतो. तुझ्या आईचं काय ते बघ."

हसता हसता त्यांना ढास लागली, ती थांबेना. छातीचे डॉक्टर म्हणाले, उंचावर नेऊ नका. उत्तरेचे डोंगर गेले. पुढच्या खेपेला थंडी बंद झाली, दक्षिणेचा बर्फ गेला. दर तपासणीला देश लहान होत गेला. शेवटी ईशान्येचा धबधबा उरला. तिथली हवा दमट, आपल्यासारखी. नाकाला ऑक्सिजनची नळी लावून पप्पा तो मोबाइलवर बघायचे. म्हणायचे, "एवढं पाणी. आणि आपण टँकरमागं धावलो."

दिवाळीआधीच ते गेले.

मी नकाशा उघडायचंच सोडलं. पुढच्या वर्षी आई म्हणाली, "चल गं, बस. कुठं कुठं जायचं ते ठरव." बसले तेव्हा कळलं, आता डॉक्टरांना काही विचारायचं नव्हतं. सगळा देश मोकळा झाला होता. ते मोकळेपण मला सोसवेना. आईच म्हणाली, "डोंगर धर. बर्फपण धर."

त्या दिवाळीच्या सुट्टीत आई आणि मी अर्जेंटिना वरपासून खालपर्यंत बघून आलो.