मागचा बार

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, देवासच्या मित्रांना नाही, देवापुढे बसून मनातल्या मनातही नाही — तिथंही मी दुसरंच काहीतरी मागून उठतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला कधी भेटणार नाही. एवढंच माझं धाडस.

देवासला माझं गॅरेज आहे. जुन्या गाड्यांचं. इंदूर-उज्जैनहून लोक येतात, ‘भिया, आपके हाथ की बात ही अलग है’ म्हणतात. मला ते ऐकायला आवडतं. फार आवडतं. पुढं जे झालं त्याचं मूळ तिथंच असावं — पण मूळ शोधणं म्हणजे सबब शोधणंच ना?

माझी थोरली बहीण, अक्का, धारला दिलेली. जिजाजी आधी मनावर गावी आणि मग धारला गणिताचे मास्तर. त्यांच्या वडिलांची एक गाडी त्यांनी जपून ठेवली होती — राखाडी, गोल बोनेटची, माझ्या जन्माआधीची. सुट्टीच्या दिवशी ते अक्काला शेजारी बसवून चक्कर मारायचे. अक्का कुरकुरायची, “वळणावर ही अशी कलते की माझ्या पोटात ढवळतं.” मी म्हणालो, गाडी देवासला पाठवा. कलणं बंद करून दाखवतो.

यात अवघड काही नाही. गाडीखाली एक वाकवलेली पोलादी कांब बसवतात, डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी. आम्ही तिला नुसतं बार म्हणतो. तो असला की गाडी वळणावर झुकत नाही. मात्र पुढचा आणि मागचा बार एकमेकांना बघून निवडावा लागतो. पुढचा जाड, मागचा हलका, किंवा मागे काहीच नको. कारण कधी चाकं सरकलीच, तर आधी पुढची सरकावीत. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की माणूस सावरतो. मागची आधी सुटली तर गाडी जागच्या जागी फिरते, आणि मग कुणाच्या हातात काही राहत नाही. हे मला कळत होतं. मी स्वतःच जिजाजींना कागदावर काढून समजावलं होतं.

पुढचा बार आला तो बसेना. इंजिनाखाली अडकत होता, पुन्हा वाकवून आणावा लागणार होता. मागच्या चाकांसाठी मात्र गॅरेजात दुसऱ्या एका जड गाडीचा बार पडून होता, चांगला जाड. तो बसवला. गाडी घेऊन बायपासला गेलो — काय सांगू, टेबलासारखी सपाट वळली! आणि परत येताना, रस्त्यावर थोडी वाळू होती तिथं, मागची बाजू एकदा सटकली. जराशीच. मी स्टिअरिंग सावरलं, इकडंतिकडं पाहिलं. कुणी पाहिलं नव्हतं.

तो बार काढायला कितीसा वेळ लागला असता? पण रविवारी अक्काच्या लग्नाचा वाढदिवस होता, सगळे मांडूला जेवायला जाणार होते, आणि बार काढला असता तर गाडी पुन्हा पहिल्यासारखी झुलली असती. अक्का सगळ्यांसमोर हसली असती. म्हणून मी तो तसाच ठेवला. एवढ्यासाठी. याहून मोठं कारण मी किती वर्षं शोधतोय.

किल्ली देताना जिजाजींनी विचारलं, “पुढचा-मागचा दोन्ही बसवलेस ना? तूच म्हणाला होतास, जोडीनंच लागतात.”

“दोन्ही,” मी म्हणालो. “तुम्ही निश्चिंत चालवा.”

घाटात मी त्यांच्या मागेच होतो, माझ्या गाडीत. आई माझ्याजवळ बसली होती. जिजाजींची मुलगी रेवाही आमच्याच गाडीत, मागच्या सीटवर मोबाइलमध्ये. जिजाजी हळू चालवत होते — मास्तर माणूस, नेहमीच हळू. एका वळणावर खडी पसरली होती. मी डोळ्यांनी पाहिलं, मागची चाकं आधी सुटली. गाडी फिरली आणि अक्काच्या बाजूनं दगडी कठड्यावर गेली.

अक्का तिथंच गेली. जिजाजींचा खांदा मोडला.

गाडीचा सांगाडा मीच देवासला आणवला. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, भाऊच तो. शटर ओढून मी मागचा बार काढला आणि भंगारात दिला. हात थरथरले का? नाही. तेच मला अजून खुपतं.

तेराव्याला जिजाजी माझ्याजवळ येऊन बसले. “तू गाडी इतकी चांगली करून दिलीस रे,” ते म्हणाले. “माझाच पाय कुठं चुकला, आठवत नाही.” मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. म्हणालो, जाऊ द्या जिजाजी, होतं माणसाकडून. मी त्यांना माफ केलं — कळतंय ना तुम्हाला? मी, त्यांना.

आणि ते बोलून संपलं असतं तरी… पण रेवानं मला गच्चीवर गाठलं. डोळे सुजलेले. “मामा, मला खरं सांग. तुला गाड्या कळतात, तू मागे होतास. बाबा फास्ट होते का?”

मी गप्प राहू शकलो असतो. ‘माहीत नाही बेटा’ म्हणू शकलो असतो.

म्हणालो, “थोडे होते.”

दोन शब्द. त्यानंतर ती बापाशी नीट बोलली नाही. शिकायला पुण्याला गेली, तिथंच नोकरी. तिच्या लग्नात कन्यादान मी आणि माझ्या बायकोनं केलं. तिनंच तसं सांगितलं होतं. जिजाजी पाहुण्यांच्या रांगेत बसले होते. जेवले, मला म्हणाले, “तू होतास म्हणून निभावलं,” आणि बसनं धारला परत गेले. मी त्यांना स्टँडवर सोडायलासुद्धा गेलो. ते पुन्हा कधी स्टिअरिंगला शिवले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात जिजाजी वारले. झोपेतच. दूधवाल्यानं शेजाऱ्यांना बोलावलं. रेवा पुण्याहून आली, सगळं होईपर्यंत कोरड्या डोळ्यांनी उभी राहिली. नंतर बाहेरच्या नळावर पाय धुताना माझ्या खांद्याला धरून म्हणाली, “मामा, मी बाबांना माफ केलं. आज, मनात.”

तेव्हा तरी सांगायचं होतं. ऐकायला ते उरले नव्हते, पण ती होती. ओला हात माझ्या खांद्यावर ठेवून उभी होती.

मी म्हणालो, “चांगलं केलंस.”