तातेराव मास्तरांचे चालते झेंडे

केदारखेड्याच्या तातेराव मास्तरांच्या गळ्यात शिट्टी कधीपासून आहे, हे त्यांच्या बायकोलाही नक्की सांगता येत नाही. पुष्पाबाई म्हणतात, "लग्नात हार घालायला यांनी मान वाकवली आन् आतून कायतरी वाजलं. तवाच मला संशय यायला पायजे होता." मास्तर कवायतीचे. एकतीस वर्षं त्यांनी गावच्या पोरांना सावधान केलं आणि विश्राम केलं. त्यातली बरीचशी पुढे विश्रामातच राहिली, पण त्याला मास्तर काय करणार.

या माणसाला जगात एकच गोष्ट हवी होती. प्रमाणपत्राच्या उजव्या कोपऱ्यात खाली 'स्पर्धाप्रमुख' असं छापलेलं असतं, त्याच्या वर आपलं नाव. तालुक्याच्या खो-खोपासून जिल्ह्याच्या कबड्डीपर्यंत चुन्याच्या रेघा मास्तरांनी ओढल्या, भांडणं मास्तरांनी सोडवली, आणि सही ठोकली दरवेळी हेडमास्तरांनी. हेडमास्तरांना आयुष्यात पळताना गावाने एकदाच पाहिलं होतं, तेही मागे वळू होता म्हणून. मे अठ्ठ्याण्णवला मास्तर रिटायर होणार होते. म्हणजे हातात उरला एक हिवाळा.

अशा वेळी वरच्या ऑफिसातून कागद आला. नवीन खेळ निघाला होता. सायकल घ्यायची, नकाशा घ्यायचा, आणि माळरानात, ओढ्यात, टेकाडावर लपवलेले झेंडे शोधत फिरायचं. प्रत्येक झेंड्याला वेगळ्या रंगाचा खडू बांधलेला. त्याने आपल्या कार्डावर खूण करायची आणि पुढे पळायचं. सगळ्या खुणा करून जो आधी परत येईल तो पहिला. कागदाच्या शेवटी लिहिलं होतं की स्पर्धा झाल्यावर प्रत्येक खेळाडूकडून सहीनिशी अभिप्राय घ्यावा. अभिप्राय चांगले आले तर साहेब स्वतः येऊन जागा बघतील, आणि फेब्रुवारीतली विभागाची स्पर्धा तिथेच होईल. स्पर्धाप्रमुख अर्थात तिथलाच.

मास्तरांनी कागद तीनदा वाचला आणि घरात उगाचच एक शिट्टी मारली. पुष्पाबाईंच्या हातातलं दूध उतू गेलं.

तयारी मास्तरांनी फार मनापासून केली, आणि घोळ झाला तो त्या मनापासून केल्यामुळेच. नकाशा पाहिजे म्हणून त्यांनी तलाठ्याकडून गावचा नकाशा मिळवला, गट नंबरांसकट, बांधांसकट. भोकरदनला जाऊन त्याच्या झेरॉक्स काढल्या. झेंडे शिवले पुष्पाबाईंच्या जुन्या केशरी लुगड्याचे. आठ झेंडे. अंतरं बराबर यावीत म्हणून शाळेचा लांब उडीचा टेप घेतला, आणि शनिवारी दुपारी शाळेचा शिपाई पुंजाराम टेपचं एक टोक धरून पुढे, मास्तर नकाशा काखेत मारून मागे, अशी वरात रानात निघाली.

आता तुम्हीच सांगा. डिसेंबरचा महिना, कापूस वेचणीला आलेला, आणि एक माणूस गट नंबरांचा नकाशा उलगडून तुमच्या बांधावर उभा राहतो, दुसरा टेप लावतो, आणि जाताना दोघं मिळून काठीला केशरी फडकं बांधून ठोकून जातात. त्याला कुणी खेळ म्हणेल का?

कारभारी म्हणाला नाही. कारभारी चार नंबरच्या झेंड्याचा मालक, म्हणजे झेंडा त्याच्या रानात होता. त्याने तुरीच्या आडून सगळं पाहिलं आणि मास्तरांची पाठ वळताच पुंजारामाला गाठलं.

"काय मोजून राह्यले रे?"

"मला काय म्हाईत. वरून कागद आल्ता म्हनं."

वरून कागद. कारभाऱ्याने तो न पाहताच वाचला. रानातून कॅनॉल जाणार. रान जाणार. त्याने शांतपणे बिडी संपवली, झेंडा उपटला, आणि बांधापलीकडे चुलतभाऊ भुजंगाच्या कपाशीत नेऊन ठोकला. मास्तरांनी ठोकला होता त्याच्यापेक्षा जास्त घट्ट. भुजंगाशी त्याचा दोन हात बांधावरून सोळा वर्षांचा वाद होता. सगळं रान सरकारनं नेलं तर वादच मिटेल, असा त्याचा उदात्त हेतू.

भुजंगाने दिवस मावळायच्या आत पाहिलं. त्याने तो गोजरबाईच्या ज्वारीत लावला. गोजरबाई विधवा बाई, पण तिच्या वाटेला जायची हिंमत पाटलातही नव्हती. रविवारी उजाडता उजाडता तिने झेंडा उपटून गायरानात फेकला, आणि भुजंगाच्या दारात उभी राहून त्याच्या सात पिढ्यांची मोजणी केली. एका चार नंबराची ही कथा. बाकीचे सात झेंडेही साधारण असेच गावभर पाहुणचार घेत होते.

मास्तरांना यातलं काही माहीत नव्हतं. ते इस्त्रीची पांढरी पँट घालून शाळेच्या मैदानावर तेवीस खेळाडूंना नियम समजावून सांगत होते. भोकरदनचे होते, अंकुशनगरकडचे चार होते, आणि जालन्याच्या मस्तगड भागातून लतीफ आला होता. लतीफचं सायकल दुरुस्तीचं दुकान. बापाचं, म्हणजे ख्वाजामियाँचं, नाव पाटीवर. काम सगळं याच्या हातात. पंचवीस वर्षांचा, काटक, आणि एका वाईट सवयीचा: विचारलं की खरं सांगायचा. त्यामुळे दुकानाला गिऱ्हाईक कमी आणि मान फार.

नऊला शिट्टी झाली. सायकली उधळल्या. आणि नेमकं तेव्हाच, स्टँडवरच्या हॉटेलात, वसंता नावाच्या माणसाने पेपर बाजूला ठेवून सांगितलं की बाजूच्या तालुक्यात कॅनॉलला जमिनी गेल्या, तर लोकांनी जीपगाड्या घेतल्या. वर घरटी एक नोकरी. वसंता पेपर वाचायचा खरा, पण त्याच्यात काय लिहिलंय याची त्याने कधी सक्ती मानली नाही.

हॉटेल पाच मिनिटांत रिकामं झालं.

लतीफ नकाशावर बोट ठेवून चार नंबरला पोचला तेव्हा तिथे झेंडा नव्हता. त्याने सायकल उलटी फिरवली, नकाशा उलटा फिरवला, शेवटी टोपी पण उलटी फिरवली. तेवढ्यात समोरून कारभारी झेंडा खांद्यावर टाकून पळत येताना दिसला. त्याच्यामागे भुजंग. त्याच्यामागे लुगडं खोचून गोजरबाई.

"झेंडा माझ्या रानात लावल्ता," कारभारी धापा टाकत होता. "मास्तरनं सोता लावल्ता. पुंजाराम साक्षीला हाये."

"मंग माझ्याकडं कामून आनून ठोकलास काल?" भुजंगाने काठीचं दुसरं टोक धरलं.

"भाऊबंदकीत पाहुनचार करू न्हाई काय?"

"सोडा दोघं," गोजरबाई म्हणाली. "फेकला मी, म्हून धनीन मी."

लतीफ सायकलवरून उतरला. "चाचा, झेंडा कुठंबी लावा. मला फकस्त खडू द्या. दोन मिनटात जातो."

तिघांनी एकदम त्याच्याकडे पाहिलं. हा जालन्याचा, हातात नकाशा, अंगात टी-शर्ट. कारभाऱ्याने आवाज मऊ केला. "साहेब, खडूनं ल्हेयचं असंल तर गट नंबर एकशे बारा ल्हेवा. च्या पिऊन जा."

लतीफला तीन ठिकाणी चहा प्यावा लागला. झेंडा काठीसकट धरून कारभारी उभा होता तेव्हा लतीफने कार्डावर खूण केली, आणि तेवढ्यावर तो तेविसांत पहिला आला, कारण बाकीच्यांपैकी नऊजणांना खडू मिळालाच नाही, सहाजण गोजरबाईच्या शिव्या ऐकून परत फिरले, आणि अंकुशनगरचे चौघे झेंडा समजून एका नवस फेडलेल्या निशाणापाशी तासभर खडू शोधत बसले.

दुपारी वरण-बट्टी झाली. पुष्पाबाईंनी तुपात हात आखडला नाही. मग मास्तरांनी अभिप्रायाचे कागद वाटले. तीन प्रश्न: नकाशा कसा वाटला, झेंडे सापडले का, आयोजकांना सूचना. त्यांचा हिशेब असा की पोटात बट्टी असताना कुणाची लेखणी वाकडी चालत नाही. आपल्याकडे ज्याच्या घरी जेवलो त्याच्या ओसरीवर बसून त्याला नावं ठेवत नाहीत, वेशीबाहेर गेल्यावर ठेवतात. हिशेब बराबर निघाला. बावीस कागदांवर नकाशाच्या प्रश्नाला उत्तर होतं, 'जेवण उत्तम.' झेंडे सापडले का? 'तूप चांगले.' सूचना? 'बट्टी अजून चालली असती.'

लतीफ मात्र कागद पालथा करून मागेही लिहीत होता. मास्तर त्याच्या डोक्यावर उभे राहिले.

"लतीफ, एवढं काय लिहून राह्यलास?"

"विचारलंय म्हून लिवतोय, सर."

"अरे, थोडक्यात लिही. झेंडे होते की न्हाई?"

"होते की, सर. लई होते. जागेवर नव्हते. चार नंबर तर माझ्या मागं मागं फिरून राह्यला होता."

"मंग ते सोडून दुसरं लिही."

"दुसरं काय झालंच न्हाई ना, सर." त्याने सही केली, कागद घडी करून आदबीने मास्तरांच्या हातात दिला, आणि पुष्पाबाईंना सलाम करून निघाला.

दहा दिवस तो कागद मास्तरांच्या उशीखाली होता. कधी तो काढून टाकावासा वाटे, पण खेळाडू तेवीस आणि कागदही तेवीसच पाहिजेत. कधी वाटे, आपणच एक नवा लिहावा. पुष्पाबाई चुलीशी बसून म्हणाल्या, "लिवा की. 'तूप चांगले' असं लिवा. तेवढं तरी खरं हाये."

बुधवारी साहेबांची जीप आली, आणि मास्तर फाइल छातीशी धरून तिला सामोरे गेले. पाहतात तर जीपच्या आधीच माणसं. कारभारी, भुजंग, गोजरबाई, आणि मागे अख्खं शिवार. प्रत्येकाच्या हातात अर्ज. आपल्याकडची माणसं शहाणी. सरकारपुढे मोबदल्याचं नाव आधी काढलं की भाव पडतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून अर्जात एकच ओळ: माझ्या गटात झेंडा लावण्यात यावा, ही नम्र विनंती. कॅनॉल, पैसा, नोकरी, कशाचं नाव नाही. एकेचाळीस अर्ज.

साहेब जीपमधून उतरता उतरताच हेलावले. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी मैदानावर अतिक्रमणं पाहिली होती. मैदान घ्या म्हणून अर्ज करणारी माणसं पहिल्यांदाच पाहत होते.

"एवढा उत्साह कशामुळे हो, मास्तर?"

मास्तरांनी मागे पाहिलं. एकेचाळीस घरं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. खरं एका वाक्यात सांगता आलं असतं: इथे कॅनॉल नाही, मोबदला नाही, हा नुसता खेळ आहे. सांगितलं तर लोक घरी, साहेब जीपमध्ये, आणि प्रमाणपत्राच्या कोपऱ्यात पुन्हा दुसऱ्याच कुणाचं नाव. मास्तरांचा हात शिट्टीकडे गेला, तिथेच राहिला.

"खेळाची आवड आहे, साहेब," ते म्हणाले. "पिढीजात."

साहेबांनी फाइल उघडली. बावीस कागद भराभर उलटले. तेविसाव्यावर थांबले. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"'गावकरी झेंडा हातात घेऊन आमच्या मागे पळत होते,'" साहेबांनी मोठ्याने वाचलं. "'चहा पाजल्याशिवाय सोडत नव्हते.' मास्तर, याला म्हणतात लोकसहभाग. आम्ही हा शब्द नुसता परिपत्रकात लिहितो."

पुढचं त्यांनी वाचलं नाही. पुढच्या ओळीत लतीफने लिहिलं होतं की असली स्पर्धा पुन्हा भरवू नये.

फेब्रुवारीत विभागाची स्पर्धा झाली. परभणीचे आले, नांदेडचे आले. मास्तरांनी झेंडे लावले बारा. सकाळी शिवारात केशरी फडकी होती चोपन्न, कारण प्रत्येकाने आपापल्या रानात आपला एक लावून ठेवला होता, खडूसकट. गोजरबाईने तर दोन. खेळाडू दुपारपर्यंत रंगीत कार्डं घेऊन वेड्यासारखे फिरले, आणि चहाच्या वाट्या मोजून कुणाचा पहिला नंबर ते ठरवावं अशी वेळ आली. याही वेळी लतीफने अभिप्राय दिला, दोनच ओळींचा: 'मागच्या खेपेला झेंडा सापडला न्हाई. या खेपेला झेंडा नसलेली जागा सापडली न्हाई.'

तो खेळ त्या भागात पुन्हा झाला नाही. पण प्रमाणपत्रं तेवढी छापून झाली होती. एक मास्तरांच्या बैठकीत काचेत आहे. उजव्या कोपऱ्यात खाली, स्पर्धाप्रमुख, तातेराव. पाहुण्याला पाणी देण्याआधी ते दाखवतात.

आता राहिला मोबदला. त्याची वाट गाव अजून पाहतंय. दूध आणायला पांदीच्या वाटेने गेलं तर कारभारी गाठतो: "मास्तर, वरून काय कागद?" नदीच्या वाटेला भुजंग असतो. देवळाच्या बाजूने जावं तर ओट्यावर गोजरबाई, आणि तिला उत्तर देण्यापेक्षा हेडमास्तरांचा वळू बरा. म्हणून रिटायर झालेले मास्तर रोज सकाळी किटली सायकलला अडकवतात, शाळेच्या मागून निघतात, गायरान ओलांडतात, ओढ्यात उतरतात, दोन बांध सायकल खांद्यावर घेऊन चढतात आणि बाभळीमागून गवळ्याच्या दारात निघतात. घरापासून गवळी दीडशे पावलांवर आहे.

परवा पुष्पाबाईंनी विचारलं, "एवढा वेळ लागला?"

"आज वाटेत कुणीच भेटलं न्हाई," मास्तर म्हणाले, आणि किटली खाली ठेवून त्यांनी हळूच, घरातल्या घरात, जिंकल्याची शिट्टी मारली. बाहेरून लगेच कारभाऱ्याचा आवाज आला, "मास्तर, हायेत का घरात?"