कोपऱ्यातला बेडूक आणि ताईचं मशीन

पारोळ्याला ताईच्या सासरी मी भांडायलाच गेले होते, हे आधीच सांगून टाकते. तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, घरात पैसा यावा म्हणून जळगावहून तीन पायांचा चिनी बेडूक आणला होता. मुठीएवढा, लाल डोळ्यांचा, तोंडात नाणं धरलेला. डब्यात घडी घातलेला कागद होता: बेडूक दाराच्या तिरप्या कोपऱ्यात ठेवा, तोंड घराच्या आत, जवळ खडखडाट नको, कात्री-सुई नको. नेमक्या त्याच कोपऱ्यात, खिडकीपाशी, ताईचं शिलाई मशीन. ते मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवायचं ठरलं होतं. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका म्हशी ओलांडून मागे थोड्याच जाणार? ताईचं काम बंदच पडणार होतं.

मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहिते आणि चौकाचौकात वाटते. पिशवीत दहा-बारा होतीच.

"उनी वं, पत्रकवाली उनी!" आबांनी दारातच टोमणा मारला.

मी बसलेही नाही. हे परदेशी थोतांड आहे, चीनमधून आलेलं खूळ घरात कशाला, असं तावातावाने बोलत सुटले.

आबांनी शांतपणे विचारलं, "तुन्हा मोबाईल कोठला शे?"

तोही चिनीच होता. मुद्दा माझाच चुकला होता. बेडूक चिनी आहे म्हणून काही खोटा ठरत नाही. एका बाईचं काम मोडायला कागदाची घडी पुरते, राग त्याचा यायला हवा. हे बोलायचं सोडून मी परदेश धरून बसले होते.

मग पाणी प्यायले आणि सूर बदलला. येताना बसमध्ये वाचलेलं सांगितलं. चीनमध्ये जुन्या रिवाजाने चुलीचाही देव असतो. वर्षाअखेरीस तो वर स्वर्गात जाऊन घरातलं सगळं सांगतो म्हणे. म्हणून निघताना घरची माणसं त्याच्या तोंडाला मध लावतात, त्याने गोड बोलावं म्हणून.

अक्का, म्हणजे ताईच्या सासूबाई, लसूण सोलत ऐकत होत्या. त्या खळखळून हसल्या. "हुशार शेतस त्या लोके! मंग त्या देवले कोठे बसाडतस?"

"चुलीच्या वर. त्याची जागा ठरलेली असते, अक्का. ती हलवत नाहीत."

अक्कांचा हात थांबला. त्यांनी मशीनकडे पाहिलं, मग आबांकडे.

"आनि आपली कानबाई? ती कोठे बसाडशात? तुम्हना बेडूकना डोकावर?"

श्रावणातल्या एका रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते, आणि या घरात ती मशीनवरच बसते. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात चौरंग मोडका निघाला, म्हणून ताईने मशीनवर पाट ठेवला, वर देवी मांडून तिला साडी नेसवली. तेव्हापासून तीच जागा. आबा दरवर्षी तिथेच नारळ ठेवतात. बेडूक आणताना हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

आबा चाचरले. "मंग कानबाईबी शेडमा बसाडूत."

"शेडमा?" अक्का उठल्याच. "तठे उजेड शे का? मायना मुखडा कसा दिसी?"

ताई मशीनवर बसली होती. आता दोरा तोडत म्हणाली, "चार दिवसांपासून मी तेच सांगतेय. तिथे उजेड नाही. सुईत दोरा ओवता येत नाही."

मला खरं झोंबलं ते हे. तिचं साधं, खरं कारण आबांनी ऐकलं नव्हतं. आणि मी? बसमधून उतरल्यावर तिला एका शब्दानेही न विचारता माझं भाषण सुरू केलं होतं. मशीन वाचलं ते कानबाईमुळे, माझ्या पत्रकामुळे नाही. हे लिहिताना मला लाज वाटत नाही, पण पटलेलंही नाही. देवीचा मुखडा दिसावा म्हणून उजेड लागतो हे सगळ्यांना लगेच समजतं. मग शिवणाऱ्या बाईला उजेड लागतो हे का समजू नये? मी हे आबांना तोंडावर विचारलं. ते बेडूक हातात घेऊन उभे राहिले.

शेवटी अक्कांनीच तो त्यांच्या हातातून घेतला आणि पाण्याच्या माठाशेजारी ठेवला. "बेडूक शे. पानीजोडे ऱ्हाऊ द्या."

आबांनी पुढे होऊन त्याचं तोंड तेवढं घराच्या आत वळवलं.

मी पिशवीतली पत्रकं वाटलीच नाहीत. मागची बाजू कोरी होती. ताईने ती मागून घेतली आणि खिडकीच्या उजेडात त्यांच्यावर बाहीची मापं काढायला बसली.