सिलिकॉन लावून बाजारात

आमचे जावई बोईसरच्या कारखान्यात सिलिकॉन बनवतात. एकदा घरी बाटलीच आणली. "आई, महागड्या शाम्पूत हेच असतं. केस रेशमासारखे होतील," म्हणाले. मी खोबरेलासारखं ओंजळभर डोक्यात जिरवलं. सकाळी पापलेटाची पाटी उचलली, तर डोक्यावर चुंबळच टिकेना. मुरबे गावच्या किनाऱ्यावर, रिक्षापाशीच पाटी घसरली आणि सगळा माल वाळूत. धुतला, तरी कचकच राहिलीच. आता हा कोण घेणार, म्हणून घाबरतच बाजारात बसले.

रोज कल्ले उचकटून नाक मुरडणारी बाई आली. "मावशी, केसांना काय लावलंत हो?"

"आदी पापलेट घ्या, मंग सांगते."

तिने चार घेतली. कल्ले बघितलेच नाहीत. तिच्यामागे आणखी बायका जमल्या. सगळ्या माझा अंबाडा न्याहाळत होत्या. दुपारच्या आत वाळूसकट पापलेटं खपली.