मास्तरांच्या बोटावरची लेन्स

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणाचे. सुईत दोरा ओवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. त्या सकाळी मात्र त्याच हाताला सुईपेक्षाही नाजूक काम आलं होतं.

त्यांची नात ठमी, पाच महिन्यांची. जन्मतःच उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. ऑपरेशन करून तो काढला, त्याबरोबर डोळ्यातलं भिंगही गेलं, आणि त्याऐवजी रोज सकाळी डोळ्यात लेन्स घालायची आली. एवढ्याशा जिवाला! लेन्स नसली की डोळ्याला धूसर दिसणार, आणि असंच चाललं तर तो एक दिवस बघायचंच विसरणार, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. हे काम लेक करायची. आजपासून तिची नोकरी पुन्हा सुरू झाली आणि ठमी झोपेत असतानाच तिला निघावं लागलं.

"बाबा, जमणार नसेल तर आत्ताच सांगा. मी नोकरी सोडते," निघताना ती म्हणाली.

"हॅत्! मी काय कच्चा गडी आहे?"

तर कच्च्या नसलेल्या गड्याने नखं बारीक कापली. साबणाने हात धुऊन तंतू न सुटणाऱ्या कापडाला पुसले; कापडाचं त्यांना कुणी शिकवायचं कारण नव्हतं. डबीतली लेन्स सोल्यूशनने धुतली आणि बोटावर घेऊन उजेडात धरली. वाटीसारखी दिसली तर सुलटी, कडा बशीसारख्या पसरल्या तर उलटी. सुलटीच होती.

बायकोने ठमीला चादरीत गुंडाळून डोकं धरलं. "अहो, आटपा!"

"घाई करू नकोस, इथे माझा जीव टांगणीला लागलाय!"

वरची पापणी उचलताच ठमीने किंकाळी फोडली, मान झटकली, आणि लेन्स टेबलावरच्या कापडावर. पुन्हा धुतली, पुन्हा पडली. मास्तर घामाघूम. तिसऱ्यांदा उचलेपर्यंत ती कोरडी पडली होती. इतक्यात ठमी दमून गप्प झाली आणि डोळा टक्क उघडा राहिला. अशी संधी परत कुठली! मास्तरांनी लेन्स पटकन जिभेला लावली आणि डोळ्याकडे नेली.

बोट पापणीपाशी थबकलं.

उभा जन्म दोऱ्याचं टोक तोंडात ओलं करून ओवलेलं. जित्याची खोड! "थुंकी नाही, नळाचं पाणीही नाही, जंतू असतात, डोळा जाईल," लेकीने दहादा सांगितलं होतं. बायकोचं लक्ष ठमीकडे होतं, तिने काही पाहिलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. घातली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. नाही घातली तर लेक नोकरी सोडणार, तेही आपल्यामुळे.

"अहो, घाला ना!"

"नाही घालत. मी गाढव आहे." लेन्स डबीत टाकून त्यांनी लेकीला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

सांगून झाल्यावर म्हणाले,

"पोरी, आता रागाव हवं तेवढं."

"बाबा..." लेक म्हणाली. "परवा माझ्या हातून लेन्स बेसिनमध्ये पडली. घाई होती. मी नळाखाली धुतली आणि तशीच घातली. तुम्ही म्हणाल आई असून असं केलं, म्हणून बोलले नाही. ठमीला खिडकीशी न्या. डोळा बघा आधी."

मास्तरांनी नेलं. उजव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात लाल रेघा होत्या आणि कडेने पाणी गळत होतं.

"रडून झालं असेल," बायको म्हणाली.

"रडली दोन्ही डोळ्यांनी. लाल एकच आहे."

ठमीला उराशी धरून, पायात चपला न घालता मास्तर रस्त्यावर धावले आणि समोर आलेली रिक्षा थांबवली. फोनवर सगळं ऐकून निघालेली लेक दवाखान्याच्या दारातच उभी होती. डॉक्टरबाईंनी डोळ्यावर दिवा धरला, बराच वेळ पाहिलं.

"जंतुसंसर्ग आहे. सुरुवात आहे म्हणून थेंबांवर भागेल, रोज मात्र दाखवायला आणायचं. आज यावर लेन्स चढवली असती तर मी काही सांगू शकले नसते. कुणाच्या लक्षात आलं?"

"कुणाच्याच नाही," लेक म्हणाली. "बाबांनी त्यांची चूक सांगितली. मग मला माझी लपवता येईना."