ज्या गावाचा फोनच लागला नाही

सूड म्हटलं की लोक दचकतात. मी नाही दचकत. मी तो घेतला, दिवसाढवळ्या, ऑफिसच्या जीपमधून जाऊन घेतला, आणि आजही आठवलं की बरं वाटतं.

माझी अक्का, म्हणजे थोरली बहीण, शिरपूरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याला दिलेली. उन्हाळ्याच्या शेवटी वादळ आलं, घरावरचे पत्रे उडाले आणि एक तिच्या पोटरीत घुसला. गावातला एकुलता एक मोबाइल टॉवर वीज गेल्यागेल्या बंद पडला. अँब्युलन्सला फोन लागेना. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून शिरपूरला नेईस्तोवर उशीर झाला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. इकडे मी जळगावात, मेहरूणला, फोन लावून लावून वेडी झाले होते.

पुढे धुळ्याला बैठक झाली: वादळात कुठलं नेटवर्क टिकलं, कुठलं पडलं. टॉवर तपासणं हीच माझी नोकरी, म्हणून मीही होते. देखभालीचा ठेका घेतलेला माणूस उठून म्हणाला, आमचे सगळे टिकले. म्हणे, त्याच्या माणसांनी गावोगाव फोन करून विचारलं होतं, "नेटवर्क आहे का?" ज्यांनी उचलला ते "आहे" म्हणाले. ज्यांचा लागलाच नाही, त्यांच्यापुढे 'तक्रार नाही'. अरे मेल्या! विहिरीत पडलेल्याला हाक मारायची, आणि ओ आली नाही म्हणून तो सुखात आहे म्हणायचं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बोलले, तर "ताई, पुराव्यानिशी बोला" म्हणून त्यानं हसण्यावारी नेलं. बाकीचेही हसले. म्हटलं, थांब, पुरावाच देते.

वर्षभर गोड राहिले. पावसाळ्याआधीची चाचणी माझ्याकडे आली. आमच्याकडे रीत अशी की चाचणीचं गाव आधी कळवायचं, आणि ठेकेदारानं इकडच्या तिकडच्या चांगल्या बॅटऱ्या उचलून त्या टॉवरला लावायच्या. पुढच्या गावाला पुन्हा त्याच. सगळ्यांना ठाऊक, बोलत कुणी नाही. मी शिंदखेड्याकडचं गाव कळवलं. सकाळी त्याला जीपमध्ये शेजारी बसवलं, "भाऊ, चहा घेऊ या" केलं, आणि मग ड्रायव्हरला म्हटलं, शिरपूरकडे घ्या. त्याचा चेहरा असा उतरला की माझं पोटच भरलं.

अक्काच्या गावात मेन स्विच त्याच्याच हातानं पाडायला लावला. वीज गेली तरी बॅटरीवर टॉवर काही तास चालायला हवा. समोरच्या टपरीवर चहाला उकळी फुटायच्या आत सगळ्यांचे फोन मुके झाले. जनरेटरची डिझेलची टाकी तर कोरडी ठणठणीत. कुबडी टेकत अक्का येऊन उभी राहिली होती.

"ही माझी बहीण," मी त्याला म्हटलं. "तुमच्या त्या 'तक्रार नाही'मधली."

त्याला घाम फुटला. म्हणाला, "ताई, एवढी वेळ सांभाळून घ्या. ठेका गेला तर मी रस्त्यावर येईन हो. मला दुसरं काही येत नाही."

मी तोंड उघडायच्या आत अक्का बोलली, "ठेका गया तं दुसरा भेटी, भाऊ. मन्हा पाय भेटी का?"

मी अहवालावर 'नापास' लिहिलं आणि सहीसाठी पेन त्याच्या हातात दिलं.