थानात घातलेला हात

पौषातली सकाळ. दर्यापूरच्या बाहेरच्या काळ्या रानात धुकं असं बसलं होतं, की पालकाच्या वाफ्याचं दुसरं टोक दिसत नव्हतं. पार्बताबाई उकिडवी बसून पालक कापत होती आणि शिवणकामातून उरलेल्या चिंध्यांनी जुड्या बांधत होती. शेजारच्या वाफ्यातून तिची सून साधना हातावर फुंकर मारत ओरडली, "आई, बोटं गारठून गेली वं! तुमची नाई गारठली?"

पार्बताबाईनं आपल्या बोटांकडे पाहिलं. पानांवरच्या दवानं ती ओलीचिंब झाली होती. पण गार? तिला काही कळलंच नव्हतं.

"गारठली ना," ती म्हणाली. "थंडीच लय हाये."

थंडी होती हे बरं होतं. गेले आठ दिवस ती सगळं थंडीवरच ढकलत होती. दिवाळीत शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून चालताना पायातली एक चप्पल मागेच राहिली आणि पन्नास पावलं चालून गेल्यावर तिनं खाली पाहिलं, तेव्हा थंडी नव्हती. तेव्हा तिनं ते कोणाला सांगितलं नाही. गल्लीतल्या खुशालरावांना शुगर होती. आधी पायाचा अंगठा काढला, मग अख्खा पाय. शुगर तिलाही होती. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या आठवल्या की घ्यायच्या, असं चाललं होतं.

आणि आज अमरावतीला कापड घ्यायला जायचं होतं.

पार्बताबाईच्या हाताची गोष्ट दर्यापुरात सगळ्यांना माहीत. लग्नाआधी अकरा वर्षं ती जिनिंगमध्ये होती. कापसाच्या ढिगातून कवडी, म्हणजे किडका, डागाळलेला कापूस, वेचून काढायचं काम. वेचता वेचता बोटांना कापूस असा कळायला लागला, की पुढं तो कापड होऊन आला तरी लपायचा नाही. कापडाच्या थानाच्या घडीत हात घालायचा, डोळे मिटायचे आणि एक शब्द बोलायचा: "असल." नाहीतर "मिलावट." लग्नाचा बस्ता असो, देवळाच्या गाद्या असोत, लोक तिला जीपमध्ये बसवून न्यायचे. भाजी विकून पोट भरलं, पण मान मिळाला तो या हातानं.

या वेळचं काम घरचंच होतं. गल्लीतली दामिनी लग्न होऊन अमरावतीत गेलेली. तिथं तिनं पाळणाघर काढलं होतं. वीस पोरांच्या गाद्यांच्या खोळी, चादरी, पडदे, सगळं शिवायचं काम तिनं साधनाला दिलं. साधनाचं हे पहिलंच मोठं काम. "कापड मात्र काकूच्या हातचं," एवढी एकच अट.

काळीपिवळी जीप अमरावतीत पोचली तोवर ऊन चांगलंच तापलं होतं. पार्बताबाईनं पदराखाली अंगठ्याचं नख तर्जनीत रुतवून पाहिलं. काहीच नाही. आता थंडीवरही ढकलता येत नव्हतं.

दामिनी दुकानाच्या पायरीवरच उभी होती. आत गादीवरून ओमप्रकाश शेठ हसले. "आओ मौसी! सकाळपासून माल लपवून राह्यलो तुमच्या भेवानं."

"लपवण्यासारखा ठेवतोसच काहून?" पार्बताबाई म्हणाली. आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं तिला बरं वाटलं.

शेठनं दोन थानं पुढ्यात ठेवली. दोन्ही पांढरी. "दोनी प्युअर कॉटन. लगाव हाथ."

तिनं पहिल्या थानाच्या घडीत हात घातला. डोळे मिटले. आत काहीच नव्हतं. गोणपाटाचा हातमोजा घालून कोणाच्या तरी पाठीवरून हात फिरवावा, तसं. दुसऱ्यात घातला. तेच. दोन्ही थानं मुकी.

"काय म्हणते हात?"

"चहा सांग पहिले."

"चहा?" शेठनं भुवया वर केल्या. "मौसी, वीस वर्सात तुमी माह्या इथं चहा नाई घेतला. म्हणता, चहा पेला का माणूस मिंधा होते."

साधनानं सासूकडे पाहिलं. दामिनी जवळ सरकली. "काकू, चैत लागला का पोट्ट्यायचं आंग उतून निंगते. मांगं एका ठिकानी पाह्यलं म्या, मिलावटीच्या चादरीनं आंगभर घामोळ्या. तुमी म्हणसान तेच घेऊ."

पार्बताबाईच्या डोळ्यांपुढं खुशालरावांचा रिकामा धोतराचा सोगा आला. हात गेला असं एकदा गावात झालं, की पुढं काय काय जाईल याचा नेम नाही. डावीकडचं थान जास्त पांढरं दिसत होतं.

"हे घे," ती म्हणाली.

शेठनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून थान उलगडलं आणि गज घेऊन मोजायला लागले.

इथंच ती थिजली. वीस वर्षांत या माणसानं तिच्या निवडीवर भांडण केलं नाही, असं एकदाही झालं नव्हतं. ते नको, ते महाग, ते दुसऱ्याचं ठरलेलं, हे घ्या ना. आज एक शब्द नाही. शेठनं कात्री उचलली.

"थांब! आगपेटी दे."

"मौसीले आगपेटी कधीपासून लागून राह्यली?" शेठ हसले, पण कात्री खाली ठेवली.

तिनं थानाच्या काठातून चार-पाच धागे ओढले, पिळले आणि काडी लावली. सुती असतं तर कागदासारखं जळून राख भुरभुरली असती. इथं ज्योत फुरफुरली, काळा धूर निघाला आणि वितळलेला थेंब ओघळला. मिलावट. पार्बताबाईला एवढा हुरूप आला, की ती थेंबाकडे पाहतच राहिली.

"आई! बोट!" साधनानं झडप घालून तिचा हात ओढला. काळा थेंब तर्जनीच्या पेरावर चिकटला होता. भोवतीची कातडी पांढरी पडली होती. दुकानात करपल्याचा वास होता.

शेठनं हळूच विचारलं, "मौसी, दुखून नाई राह्यलं?"

"नाई."

शेठनं स्वतः उठून पाण्याचा तांब्या आणला. दामिनीच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती पोरांसाठी नव्हती.

"पोरी," पार्बताबाई म्हणाली, "म्या तुले चुकीचं दाखवलं. हात काईच बोलला नाई. मीच बोलली."

"मंग आता वं काकू?"

"शेठ, तुले ठाऊक व्हतं. बोलला काहून नाई?"

"तुमी घेऊन राह्यल्या, मी काहून बोलू?" शेठ तिच्याकडे न बघता म्हणाले.

तिनं दुसरं थान ओढलं. एक घडी उचलून गालाला लावली, मग ओठांना. आधी गार, मग अंगासारखं ऊबदार. बारीकसं खरबरीत, जिनिंगमधल्या सरकीला चिकटलेल्या कापसासारखं. तरीही तिचा स्वतःवर भरवसा बसेना. "साधने, धागा तू धर." साधनानं धरला. राख भुरभुरली.

"असल," पार्बताबाई म्हणाली.

परतीच्या जीपमध्ये ती एकेक बोट दाबून पाहत बसली. उजव्या हाताची पाच, मग डाव्या. करंगळीत थोडं काहीतरी होतं, की नव्हतं.

"उद्या दवाखान्यात जाऊ," साधना म्हणाली.

"उद्या बाजार हाये."

"पालक मी इकीन."

"आन त्यायनं बोट काटलं तं?"

साधनानं तो पट्टी बांधलेला हात आपल्या मांडीवर घेतला आणि दर्यापूर येईपर्यंत सोडला नाही.

घरी आल्यावर कापड भिजत घालायचं होतं. कोरं सुती शिवायच्या आधी आटवून घ्यावं लागतं. साधनानं चुलीवरचं पाणी घंगाळात ओतलं. पार्बताबाई सवयीनं हात घालायला वाकली आणि थांबली. मग पोलक्याची बाही वर सारून तिनं कोपर बुडवलं.

"लय ऊन हाये," ती म्हणाली. "थंड टाक गडवाभर."

साधनानं टाकलं. पार्बताबाईनं थानाचं टोक पाण्यात सोडलं आणि लाकडी थापीनं घडीवर घडी खाली दाबायला लागली.